कच्च्या कैद्याची बी.ए.

‘कैद्याला बी.ए. कशाला? शिवणकाम शिकवा, पोट तरी भरेल.’ वाशिमच्या कारागृहातल्या शिक्षणाचा विषय निघाला की हे ठरलेले वाक्य येतेच. पोटाचा मुद्दा खोटा नाही. पण रिसोड-मंगरुळपीरच्या बी.ए.वाल्या पोरांना ‘आधी शिलाई मशीन चालवून दाखव’ असे कोणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. बाहेर गरिबाच्या पोराने फी भरायची आणि याने फुकट शिकायचे? दुखणे खरे, पण त्यावर औषध त्या पोराची फी माफ करणे हे आहे, कैद्याचे पुस्तक काढून घेणे नव्हे. मुक्त विद्यापीठात कैद्याने नाव घातले म्हणून बाहेरच्या कोणाची जागा जात नाही.

‘शिक्षेत सूट मिळते म्हणून शिकतात’, असेही म्हणतात. अहो, ज्याला शिक्षाच झालेली नाही त्याला सूट कसली? २०२२ अखेर देशातले सुमारे ७६ टक्के कैदी न्यायाधीन होते. जिल्हा कारागृहे भरतात ती मुख्यतः याच कच्च्या कैद्यांनी.

प्रभाकर संझगिरींवर तर खटलाही नव्हता. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध असताना त्यांनी मराठीत ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचे पुस्तक लिहिले. ते छापायला बाहेर पाठवू द्यायला सरकार तयार होईना. उच्च न्यायालयात हरल्यावर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणणे काय, तर नियमांत दिलेल्या सवलतींपलीकडे स्थानबद्धाला काही मागता येत नाही आणि पुस्तक लिहिणे त्या सवलतींत बसत नाही. (अणूची एवढी धास्ती!) १९६५ साली न्यायालयाने हे अपील फेटाळले. कोठडीत माणसाचे हिंडणे थांबते, डोके चालवण्याचा हक्क थांबत नाही, हे तेव्हाच ठरले आहे.

पदवीबरोबर आत चित्रकलाही शिकता यावी. तिला चैन म्हणणाऱ्या वाशिमकरांनी तर आपल्या गावाचे जुने नाव आठवावे. वत्सगुल्म. तिथल्या वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव, त्यानेच अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले.

उरला प्रश्न ‘उद्या जामीन झाला तर?’ झाला तर चांगलेच. नोंदणी त्याच्यासोबत बाहेर जावी आणि उरलेले पेपर त्याने गावच्या केंद्रावर द्यावेत. ज्याला पदवी झेपत नाही त्याला आत राहून एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षांना बसता यावे. त्याला कागद, रंग आणि एक कलाशिक्षक पुरे.

वाशिमच्या कॉलेजांतल्या मराठी-इतिहासाच्या प्राध्यापकांनो, कैद्यांना शिकवायला आठवड्यातला एक तास द्या. परवानगीचा अर्ज कारागृह अधीक्षकांच्या नावे लिहा, आणि तो या सत्रातच लिहा.