तीन वर्षे आणि तीस दिवस

जीवन विम्याच्या अर्जात माणसाने जुना आजार लपवला, तर ते शोधून काढायला कायदा कंपनीला तीन वर्षे देतो. विमा कायद्याच्या कलम 45 मध्ये 2015 साली झालेल्या दुरुस्तीने ही मुदत ठरली. आता माणसांची अदलाबदल करून पाहू. लपवाछपवी विकणाऱ्याने केली, ‘बँकेच्या ठेवीसारखंच आहे, पैसे एकदाच भरायचे’ असे सांगून दरवर्षी हप्ता मागणारी पॉलिसी गळ्यात मारली, तर घेणाऱ्याला पॉलिसी परत करायला बाँड हाती पडल्यापासून तीस दिवस मिळतात. एप्रिल 2024 पर्यंत तर साधारणपणे पंधराच मिळत. कंपनीकडे डॉक्टर, वकील, तपासनीस असतात, तरी तिला तीन वर्षे. सोयाबीनचे पैसे हाती आले त्या आठवड्यात सही केलेल्या नांदेड जिल्ह्यातील उमरी तालुक्यातल्या शेतकऱ्याला एक महिना, आणि बाँड बहुधा इंग्रजीत. ही विषमता मला अन्यायाची वाटते, आणि चुकीच्या विमा विक्रीच्या भरपाईचा सगळा प्रश्न तिच्यापासून सुरू होतो.

अशी फसवणूक तीस दिवसांत सहसा कळतच नाही. ती कळते दुसऱ्या हप्त्याची नोटीस येते तेव्हा, म्हणजे वर्षाने; किंवा मुलीच्या लग्नासाठी पैसे काढायला गेल्यावर हाती येणारी रक्कम भरलेल्या रकमेपेक्षा कमी निघते तेव्हा, म्हणजे त्याहून उशिरा. तक्रार केली की उत्तर ठरलेले असते: परतीची मुदत संपली. पुष्कळ लोक इथेच थांबतात आणि माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. कारण ती मुदत फक्त कारण न देता पॉलिसी परत करण्याची असते. खोटे सांगून विकल्याची तक्रार तिच्यासोबत मरत नाही. त्या तीस दिवसांनंतर आलेल्या तक्रारींतही विमा लोकपालांनी पैसे परत करायला लावले आहेत. ग्राहक आयोगांचे निकाल मात्र दोन्ही बाजूंनी गेले आहेत, हेही सांगितले पाहिजे.

लोकपालाकडे मुदत मोजतात ती पॉलिसीच्या तारखेपासून नव्हे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. तिने नकार दिला तर नकारापासून एक वर्ष. महिनाभर उत्तरच दिले नाही तर तो महिना संपल्यापासून एक वर्ष. ग्राहक आयोगात तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे मिळतात, आणि योग्य कारण दाखवले तर विलंब माफ होऊ शकतो. पण त्या माफीवर विसंबू नये. मुदतीत तक्रार आली आहे का हे आयोगाने स्वतःहून तपासलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये स्टेट बँकेच्या एका प्रकरणात बजावले आहे. कंपनीला पत्रामागून पत्र पाठवत राहिल्याने ही दोन वर्षे लांबत नाहीत. एजंट ‘साहेबांशी बोलतो, पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत राहतो, तेव्हा संपत असते ती हीच मुदत. म्हणून फोनवरचे बोलणे बाजूला ठेवून पहिले पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पावती जपावी. बाँड ज्या पाकिटातून आला ते पाकीटही फेकू नये, त्यावरची तारीख कामाची असते.

खर्चाची भीती मुदतीइतकीच माणसाला अडवते, आणि ती बरीचशी निराधार आहे. लोकपालाकडे शुल्क नाही. नांदेडची तक्रार पुण्याच्या कार्यालयाकडे जाते, ती टपालाने किंवा ऑनलाइन पाठवता येते. ग्राहक आयोगात, हप्त्यांपोटी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे उमरीच्या माणसाने नांदेडपर्यंत जावे, मुंबईची वाट धरायची गरज नाही. दोन्हीकडे एकाच वेळी मात्र जाता येत नाही. आधी लोकपाल, आणि त्यांचा निर्णय पटला नाही तर आयोग, हा क्रम सोयीचा. असे असताना ‘पैसे काढून देतो, इतके टक्के माझे’ म्हणणाऱ्याला टक्केवारी का द्यावी? वकिलाला तर निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे. अर्ज लिहून देणाऱ्याच्या कष्टाचे ठरावीक पैसे जरूर द्यावेत. परत मिळालेल्या हप्त्यात त्याचा वाटा असू नये.

मुदत फसवणूक कळल्यापासून मोजा म्हटले की कंपन्यांचा आक्षेप येतो: मग कोणताही व्यवहार कधीच संपणार नाही, बाजार पडला की जो तो ‘मला फसवले’ म्हणेल. या आक्षेपात तथ्य आहे. ब्रिटनने त्याचे उत्तर शोधले आहे. तिथे विक्रीपासून सहा वर्षे किंवा कारण कळल्यापासून तीन वर्षे, यातली नंतर संपणारी मुदत धरतात. कर्जासोबत माथी मारलेल्या विम्याच्या तक्रारींना तिथल्या नियामकाने शेवटची तारीख दिली, 29 ऑगस्ट 2019, पण आधी दोन वर्षे जाहिराती करून ती लोकांपर्यंत पोहोचवली. दावे चालवणाऱ्या दलालांच्या फीवर 2018 मध्ये कायद्याने वीस टक्क्यांची मर्यादाही घातली. म्हणजे व्यवहाराला शेवट असावा हे मान्य करूनही तो न्यायाने ठरवता येतो.

दुसरा आक्षेप असा की सही केली, मग वाचले का नाही? मराठवाड्याने हा प्रश्न पीकविम्यात ऐकला आहे. खरीप 2020 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सोयाबीन पावसात गेले आणि 72 तासांत कळवले नाही म्हणून भरपाई अडली. मे 2022 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला. अट कागदावर होती. शेत पाण्याखाली असताना ती पाळायची कशी, याचा विचार ती लिहिणाऱ्याने केला नव्हता. बाँडचेही तसेच आहे. आरोग्य विम्याचे माहितीपत्रक 1 जानेवारी 2024 पासून ग्राहकाने मागितल्यास त्याच्या भाषेत मिळते. ते न मागता प्रत्येक पॉलिसीसोबत मिळावे, आणि पहिल्याच पानावर मोठ्या मराठी अक्षरांत चार गोष्टी असाव्यात: हप्ता किती वर्षे भरायचा, परत करण्याची शेवटची तारीख, त्यानंतर तक्रार कोणाकडे करायची, आणि तिला शुल्क लागत नाही.