दाताची कीड कापसाची वाट पाहत नाही



बोंडअळी दिसली की आपण लगेच पंप उचलतो. दाताची कीड मात्र कापूस विकेपर्यंत राखून ठेवतो. हाती पैसा नसतो, हे खरे. पण थांबण्याने खर्च वाढतोच. कीड वरवर असेल तर दात एका बैठकीत भरून होतो. ती आत नसेला पोचली की रूट कॅनाल आणि वर टोपी. तेही टाळले, तर दातच काढावा लागतो.

आठवडी बाजारात पथारीवर दात काढून घेऊ नका. डॉक्टरची बी.डी.एस. पदवी व दंत परिषदेची नोंदणी पाहा, खर्च आधी विचारा. नागपूर व छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तेथे काम स्वस्तात होते. खर्रा-तंबाखू खाणाऱ्याचे तोंड नीट उघडत नसेल, पांढरा चट्टा असेल किंवा जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर ताबडतोब दाखवा.

पण एका दातासाठी मजुरी बुडवून शहर का गाठावे? तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बाजाराच्या दिवशी दाताचा डॉक्टर बसलाच पाहिजे. या बैठकीच्या ठरावात कापूस-ज्वारीच्या भावाखाली ही मागणीही लिहा.