विश्लेषण : दोन इंटरनेट जोडण्या एकत्र केल्या तर वेग दुप्पट होतो का?

वसई-विरारमध्ये घरून काम करणारे, शिकवणी वर्ग चालवणारे आणि छोटे कार्यालयवाले यांचे काम इंटरनेट बंद पडले की थांबते. म्हणून काही जण मुख्य जोडणीबरोबर एक राखीव जोडणीही घेतात. तिचे पैसे दरमहा भरायचेच, तर ती पडून का ठेवायची, हा प्रश्न मग साहजिक आहे.

एकत्र केल्यास काय होते?

दोन जोडण्या घेणारा ‘ड्युअल वॅन’ राउटर काम दोन्हींवर वाटतो. याला ‘लोड बॅलन्सिंग’ म्हणतात. बोरिवली ते विरार चार मार्गिका असल्याने गाड्या जास्त धावतात. पण त्यामुळे एखाद्या लोकलचा वेग वाढत नाही. तसेच येथेही. १०० आणि ५० एमबीपीएसच्या जोडण्या असतील तर घरातील सर्वांची सोय होते, पण एका व्हिडीओ कॉलला साधारणपणे एकच वाट मिळते. बँकेच्या संकेतस्थळावर मध्येच वाट बदलली तर पुन्हा लॉगइन करावे लागू शकते.

खरी बेरीज कधी?

‘बाँडिंग’मध्ये एकाच फाइलचे तुकडे दोन्ही वाटांनी येतात आणि या टोकाला जुळतात. मात्र त्यासाठी पलीकडच्या टोकालाही तसा सर्व्हर लागतो. त्याचा खर्च वेगळा.

धोका कुठे?

दोन्ही जोडण्या रोज काठोकाठ वापरल्या की राखीव काही उरतच नाही. ब्लॉकच्या काळात धिम्या मार्गावरील लोकल जलद मार्गावर वळवतात, तेव्हा काही फेऱ्या रद्द होतातच. त्यामुळे एक जोडणी बंद पडल्यास अत्यावश्यक काम दुसरीवर भागेल, एवढाच भार ठेवावा.

दोन्ही एकदम बंद पडल्या तर?

दोन कंपन्यांच्या केबल एकाच खांबावरून येत असतील तर एक पडलेली फांदी दोन्ही तोडू शकते. जुलै २०१८च्या पावसात नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले आणि वसई परिसरात वीजही गेली. म्हणून मुख्य जोडणी फायबरची असेल तर राखीव जोडणी मोबाइल नेटवर्कवरची हवी आणि राउटरला बॅटरीचा आधार हवा. वीज फार काळ गेली तर मोबाइल टॉवरही बंद पडू शकतो, हेही लक्षात ठेवावे.

पावसाळ्यापूर्वी मुख्य केबल काढून राखीव जोडणीवर तासभर काम करून पाहावे. उणीव तेव्हाच कळलेली बरी.