रिकामा चौकोन आणि अमानत

जिल्ह्याच्या ठिकाणचे एखादे रुग्णालय डोळ्यांसमोर आणावे. रात्रीचे आठ वाजलेत. दुपारपाळीची सिस्टर ‘ओव्हर’ देते आहे, रात्रपाळीची घेते आहे. तेवढ्यात अपघाताचा रुग्ण येतो, नातेवाइकांचा गलका होतो आणि ओव्हर अर्धवट राहते. ऑपरेशन झालेल्या एका आजोबांचे आठचे अँटिबायोटिक इंजेक्शन राहून जाते. जाणारीला वाटते, येणारी देईल. येणारीला वाटते, जाणारीने दिले असेल. साडेदहाला चार्ट उघडल्यावर सहीचा चौकोन रिकामा दिसतो.

आता सिस्टरपुढे दोन वाटा असतात. आठची वेळ टाकून सही करणे ही सोपी वाट. आजोबा झोपलेत, पाहणारे कोणी नाही. दुसरी वाट म्हणजे डॉक्टरांना फोन करणे, ते सांगतील तसे करणे, खरी वेळ लिहिणे आणि सकाळी इन्चार्ज सिस्टरांना तोंड देणे.

रमजानमध्ये हीच परीक्षा रोज होते. वुजू करताना रोजेदार तोंडात पाणी घेतो. एक घोट गिळला तर कोणाला कळणार? तरी तो चूळ टाकून देतो. निर्जळी एकादशी करणाऱ्यालाही हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कुराणातील सूरह अन-निसामध्ये अमानत ज्याची त्याला पोहोचवण्याची आज्ञा आहे. मराठीतली ‘अनामत’ याच शब्दातून आली. रुग्णाचा औषधाचा डोस ही अमानतच, आणि ओव्हर म्हणजे ती एका हातातून दुसऱ्या हातात देणे. मदिनेत रुफैदा अल-अस्लमिया जखमींची शुश्रूषा करीत. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या साद इब्न मुआज यांना पैगंबरांनी (स.) त्यांच्याच तंबूत ठेवायला सांगितले. परिचारिकेवरचा हा भरवसा तेवढा जुना आहे, आणि भरवसा आला की जबाबही आलाच.

पण जबाब घेणे म्हणजे बळी शोधणे नव्हे. तौबेत चुकीची कबुली, पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा निर्धार लागतो. माणसाचा हक्क बुडाला असेल तर त्याची माफी मागून भरपाईही करावी लागते. म्हणून आजोबांच्या घरच्यांना खरे सांगितलेच पाहिजे. मात्र खरे सांगणारीलाच मेमो मिळाला आणि खोटी सही करणारी सुटली, तर पुढची सिस्टर कोणती वाट धरेल?

अमेरिकेतील टेनेसी राज्यात 2017 मध्ये एका नर्सकडून चुकीचे औषध दिले गेले आणि रुग्ण दगावली. चूक तिने स्वतः कबूल केली होती. 2022 मध्ये न्यायालयात ती दोषी ठरली आणि तिला तीन वर्षांचे प्रोबेशन मिळाले. एक जीव गेला होता. त्याचा हिशेब व्हायलाच हवा होता. पण यापुढे चुका लपवल्या जातील, अशी भीती तिथल्या अनेक परिचारिकांनी बोलून दाखवली. ती खोटी म्हणता येणार नाही.

चूक, हलगर्जी आणि लबाडी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. लबाडीला कठोर शिक्षा हवी, वारंवारच्या हलगर्जीलाही. चुकीबाबत आधी विचारावे, ती घडलीच कशी? एका सिस्टरकडे किती खाटा होत्या? ओव्हर खाटेजवळ, चार्ट हातात घेऊन झाली का? दोघींनी रिकामे चौकोन मिळून पाहिले का? याची उत्तरे एकट्या सिस्टरने नव्हे, व्यवस्थापनानेही द्यायची असतात. नातेवाइकांनाही एक गोष्ट सहज करता येईल: ओव्हर चालू असताना ती पंधरा मिनिटे सिस्टरला हाक मारू नये.

साडेदहाला फोन उचलणाऱ्या सिस्टरने अमानत उशिरा का होईना, पोहोचवली. सकाळी तिच्याकडून जबाब जरूर घ्यावा. पण तिला आधी बसायला खुर्ची द्यावी.