अ‍ॅडजस्टेबल सस्पेन्शन बसवायचं का? फायदे, तोटे आणि सगळे विसरतात तो कॅमेरा

नोव्हेंबर २०२४मध्ये महिंद्राने बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या दोन इलेक्ट्रिक एसयूव्ही आणल्या. चर्चा झाली ती स्क्रीन आणि रेंजची. पण वरच्या व्हेरियंटमध्ये आणखी एक गोष्ट होती: रस्ता बघून स्वतःला बदलणारं सेमी-अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे फक्त बीएमडब्ल्यू, मर्सिडीजच्या ब्रोशरमध्ये वाचायला मिळायचं.

दुसरीकडे रील्स उघडा. जुनी सेडान, चारी चाकांवर कॉइलओव्हर, गाडी जमिनीला टेकायला आलेली. नाहीतर उलट, स्पेसर टाकून उंच केलेली एसयूव्ही. कमेंटमध्ये एकच प्रश्न: ‘भाई, किती खर्च आला?’

खर्चाचा प्रश्न बरोबरच आहे, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की सस्पेन्शन बदलल्यावर गाडीतलं आणखी काय काय बदलतं, आणि ते परत जुळवून कोण देणार? गेल्या काही वर्षांत गाड्यांमध्ये कॅमेरे आणि सेन्सर आल्यामुळे या प्रश्नाचं वजन वाढलंय.

आधी बेसिक: स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा

गॅरेजमध्ये आपण सगळ्यालाच ‘शॉकअप’ म्हणतो, पण कामं दोन आहेत. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि खड्ड्याचा धक्का पोटात घेते. पण नुसती स्प्रिंग असेल तर गाडी एका खड्ड्यानंतर बराच वेळ वरखाली डुलत राहील. ते डुलणं थांबवण्याचं काम शॉकअपचं, म्हणजे डॅम्परचं. आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि डुलण्याची ऊर्जा उष्णतेत जाते.

‘अ‍ॅडजस्टेबल’ हा शब्दसुद्धा दोन अर्थांनी वापरतात. एक म्हणजे उंची बदलणं. कॉइलओव्हरमध्ये स्प्रिंगची बैठक आट्यांवर फिरवून गाडी वर किंवा खाली करता येते. दुसरं म्हणजे डॅम्पिंग बदलणं. शॉकअपवरचा नॉब फिरवला की तेलाची वाट अरुंद किंवा मोकळी होते आणि सस्पेन्शन कडक किंवा मऊ वाटतं.

कंपनीचं इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन हेच काम स्वतः करतं. चाकं आणि बॉडीवरचे सेन्सर हालचाल मोजतात आणि कंट्रोलर काही मिलिसेकंदांत डॅम्पर बदलतो. २००२मध्ये कॅडिलॅक सेव्हिल एसटीएसमध्ये आलेल्या मॅग्नेराइड तंत्रात तर तेलात लोखंडाचे सूक्ष्म कण असतात. चुंबकीय क्षेत्र दिलं की तेलाचा प्रवाह अडतो आणि डॅम्पर कडक होतो.

फायदे खरे आहेत

गाडी थोडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो, वळणावर बॉडी कमी झुकते. ताम्हिणीसारख्या घाटात हे स्टिअरिंगवर जाणवतं. डॅम्पिंग बदलता येत असेल तर रोज एकट्याने ऑफिसला जाताना मऊ आणि पाच माणसं, सामान घेऊन गावी जाताना कडक असं सेटिंग ठेवता येतं. ट्रॅकवर गाडी चालवणाऱ्यांसाठी तर ही गरजच आहे, कारण प्रत्येक ट्रॅक आणि टायरला वेगळं सेटिंग लागतं.

उंची वाढवण्याचा मोहही समजण्यासारखा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे साधारण स्पीड ब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे गाडी त्यावरून हळूच चढून उतरावी. आपल्या गल्लीतला ब्रेकर कोणी टेप घेऊन मोजलेला नसतो. सेडानचं पोट घासलं की माणूस स्पेसरच शोधणार.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण मेकॅनिकल. गाडी खाली केली की स्प्रिंगला दबायला जागा कमी उरते आणि मोठ्या खड्ड्यात सस्पेन्शन थेट स्टॉपरवर आपटतं. चाकाचा कोन बदलतो, टायर आतल्या कडेने झिजतो. गाडी उंच केली की ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट जास्त कोनात फिरतात आणि लवकर जातात. आणि ‘जितकं कडक तितकी ग्रिप’ हा सरळ गैरसमज आहे. खडबडीत रस्त्यावर फार कडक सेटिंग ठेवलं तर चाक रस्त्याला चिकटून राहण्याऐवजी उड्या मारतं, आणि हवेतल्या टायरला ना ब्रेक लागतो ना वळण घेता येतं.

दुसरी अडचण उजेडाची. लो बीमचा झोत साधारण १ टक्का खाली झुकवलेला असतो, म्हणजे १० मीटरवर सुमारे १० सेंटीमीटर. आता समजा २.६ मीटर व्हीलबेसच्या गाडीचा फक्त पुढचा भाग ३ सेंटीमीटर उचलला. ३ भागिले २६० म्हणजे जवळपास १.१५ टक्के. हेडलाइटचा सगळा झुकाव तिथेच संपला! तुमचा लो बीम समोरच्या बाइकवाल्याच्या डोळ्यांत जातोय आणि तुम्हाला ते कळतही नाही. हेडलाइट परत सेट करता येतो, पण स्पेसर टाकून झाल्यावर ते करून घेणारे किती?

तिसरी अडचण नवी आहे: कॅमेरा. ज्या गाड्यांत एडीएएस आहे, तिथे काचेमागचा कॅमेरा लेन आणि समोरची गाडी ओळखतो. तो किती उंचीवर आणि कोणत्या कोनात आहे, हे सॉफ्टवेअरने गृहीत धरलेलं असतं. वरचंच गणित पुढे न्या. पुढून ३ सेंटीमीटर उचललेल्या गाडीत कॅमेऱ्याची नजर ५० मीटरवर सुमारे ५८ सेंटीमीटर वर सरकते. फोनचा कॅमेरा थोडा वाकडा धरला तर फोटो वाकडा येतो, इतकंच. इथे त्याच चित्रावरून गाडी ब्रेक दाबायचा की नाही ते ठरवते. काही सिस्टिम छोटा फरक स्वतः सावरून घेतात, पण किती सावरतील हे कंपनीने ठरवलेलं असतं, गॅरेजने नाही. म्हणून सस्पेन्शनच्या कामानंतर एडीएएस रिकॅलिब्रेशन लागतं, आणि त्यासाठीचे टार्गेट बोर्ड आणि सॉफ्टवेअर कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये सहसा नसतात.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात ही भूमिका ठाम केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

जुना शॉकअप गेला आणि त्याच मापाचा नवा टाकला, तर ती दुरुस्ती आहे. उंचीच बदलली तर तुम्ही वादाच्या जागेत उभे आहात, कारण स्प्रिंगची उंची आरसी बुकात लिहिलेली नसते पण रस्त्यावर दिसते. आणि हा वाद नाक्यावरच्या पोलिसाशीच होईल असं नाही. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरशी होऊ शकतो, आणि न कळवलेला बदल तिथे महागात पडतो.

मग कंपनीचंच घ्यावं का?

तिथे सगळं जुळवून मिळतं, हा मोठा फायदा. २०१३च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत रस्त्यावर पडलेल्या धातूच्या तुकड्यांवर आपटून टेस्ला मॉडेल एसच्या दोन गाड्यांनी पेट घेतला. त्यानंतर टेस्लाने एक ओव्हर-द-एअर अपडेट सोडलं आणि एअर सस्पेन्शनच्या गाड्या हायवेच्या वेगाला आधीपेक्षा थोड्या उंच राहू लागल्या. पाना न लावता गाडीची उंची बदलली! मार्च २०१४मध्ये पुढचा उपाय म्हणून गाडीखाली टायटॅनियमचं कवचही आलं.

पण याची दुसरी बाजू पण बघा. जे सॉफ्टवेअरने बदलतं, ते सॉफ्टवेअरने कुलूपबंदही होतं. २०२१मध्ये मर्सिडीजने जर्मनीत ईक्यूएसची मागची चाकं १० अंशांपर्यंत वळण्याची सोय वार्षिक ४८९ युरोच्या सबस्क्रिप्शनवर ठेवली होती. हार्डवेअर गाडीत आधीपासूनच होतं. शिवाय वॉरंटी संपल्यावर इलेक्ट्रॉनिक डॅम्पर साध्या शॉकअपपेक्षा कितीतरी महाग पडतो, आणि एअर सस्पेन्शनला गळती लागली तर गाडी एका बाजूला बसते.

मधला एक रस्ताही आहे. एक्सयूव्ही ७००मध्ये महिंद्राने फ्रिक्वेन्सी सिलेक्टिव्ह डॅम्पिंग दिलं. त्यात वायर नाही, नॉब नाही. बारीक, पटापट येणाऱ्या धक्क्यांना आतला व्हॉल्व्ह तेलाला जास्त वाट देतो, आणि वळणावरच्या संथ झुकावाला शॉकअप कडक राहतो. बहुतेकांना नॉबकडून जे हवं असतं, त्यातलं बरंचसं इथे कुठेही हात न लावता मिळतं.

थोडक्यात, कोणी काय करावं?

ट्रॅकवर नियमित जात असाल आणि त्यासाठी वेगळी गाडी असेल, तर चांगले कॉइलओव्हर घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. रोजची, त्यात एडीएएस असलेली, हप्ते आणि वॉरंटी चालू असलेली गाडी असेल, तर उंचीला हात लावू नका. गाडी फक्त ‘हादरते’ अशी तक्रार असेल, तर आधी टायरमधली हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे आहे का बघा, मग बुश आणि शॉकअप तपासा. सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर पळालेल्या गाडीत कंपनीच्या मापाचे नवे शॉकअप टाकले तरी फरक लगेच जाणवतो.

आणि तरीही बसवायचंच ठरवलं असेल, तर गॅरेजवाल्याला पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारा. अलाइनमेंट करून देणार का? हेडलाइट परत सेट करणार का? एडीएएस कॅलिब्रेशन कुठे आणि कोण करणार? बिलावर नेमका बदल लिहून देणार का? चौथ्या प्रश्नाला ‘बिल कशाला पाहिजे’ असं उत्तर आलं, तर गाडी तशीच घरी घेऊन या.