माळ म्हणजे पडीक नव्हे

हैदराबाद येथील सोराबजी गोदरेज केंद्राच्या वास्तूला २००३ साली प्लॅटिनम मानांकन मिळाले, आणि 'हरित इमारत' ही कल्पना भारतात रुजू लागली. वीज व पाणी यांची काटकसर हा तिचा गाभा आहे. आवारात स्थानिक झाडे लावावीत, ही अपेक्षाही तिच्यात अंतर्भूत आहे. परंतु 'स्थानिक' म्हणजे काय, हा प्रश्न सोलापुरात तरी सहजासहजी सुटणारा नाही.

कोकणात स्थानिक म्हणजे दाट झाडी. सोलापूर मात्र पर्जन्यछायेतील माळाचा प्रदेश आहे. येथील मूळ वैभव गवताचे आहे: कुसळी, मारवेल, अधूनमधून बोराटी, तरवड, हिवर. शहरापासून सुमारे २० किलोमीटरवरील नान्नज हे माळढोकाचे गाव म्हणून ओळखले जाते. तेथील अभयारण्य १९७९ साली घोषित झाले. माळढोक उघड्या जमिनीवर एकच अंडे घालतो आणि त्याला दूरवर नजर पोहोचेल असे मोकळे रान लागते. तरीही सरकारदरबारी माळाची गणना बहुधा पडीक जमिनीत होत आली, आणि वनीकरणाच्या उत्साहात गवताच्या जागी गिरिपुष्पासारखी मूळची मध्य अमेरिकेतील झाडे उभी राहिली. आज तो पक्षी तेथे क्वचितच दृष्टीस पडतो. शिकार व शेतीचा विस्तार हीही त्याची कारणे असली, तरी हिरवे ते सारे हितकारक, या समजुतीलाही दोषमुक्त करता येणार नाही.

नेमकी हीच समजूत व्यापारी इमारतींच्या आवारात अवतरते. फरशीलगत विलायती हिरवळ, कडेला झपाट्याने वाढणाऱ्या कोनोकार्पसची रांग! या झाडाच्या लागवडीस गुजरात सरकारने २०२३ साली बंदी घातली. नळाला काही दिवसांआड पाणी येणे ज्या नागरिकांच्या अंगवळणी पडले आहे, त्यांच्या डोळ्यांदेखत हिरवळीवर रोज फवारे उडावेत, याला हरित म्हणणे ही शब्दाची विटंबना होय.

माळाचे गवत उन्हाळ्यात वाळते, त्यात साप निघतात आणि आगीची भीती असते, हे आक्षेप खोटे नाहीत. म्हणूनच भिंतीलगतचा पट्टा कापून स्वच्छ ठेवावा आणि उरलेल्या जागेतील गवत बी पडून गेल्यावर कापून जनावरांना द्यावे. रुई राखली तर तिच्या पानांवर बिबळ्या कडवा फुलपाखराच्या अळ्या वाढतील. तरवडावर मधमाश्या येतील. बोराटीत पाखरांना निवारा मिळेल. कार्यालयाच्या आवारात माळढोक परतणार नाही, हे उघड आहे. पण चंडोल आणि टिटवी यांना एवढीशी जागाही पुष्कळ होते.

महापालिकेने बांधकामाच्या परवान्यात मोकळ्या जागेचा काही भाग अशा लागवडीसाठी राखून ठेवण्याची अट घालावी. शाळा-महाविद्यालयांनी आपल्या आवारापासून आरंभ केल्यास अधिकच उत्तम. वैशाखात पिवळे पडलेले गवत मेलेले नसते, ते पावसाची वाट पाहत असते, एवढे जरी पुढच्या पिढीला उमजले, तरी माळाला पडीक म्हणण्याची खोड हळूहळू सुटेल.