शिवणाला सबब कशाला?

आपल्या मंडळात ढोल-ताशांचं पथक आहे, गझलेचा गट आहे, भजन आहे, दर वर्षी एक नाटक बसतं. मागच्या सर्वसाधारण सभेत मी शिवणाचा वर्ग सुरू करण्याची सूचना मांडली, तेव्हा सभागृहात खसखस पिकली. एका ज्येष्ठ सभासदांनी काळजीच्या सुरात विचारलं, "काय हो, नोकरीबिकरी ठीक आहे ना?" विनोद झकास होता. मीही हसलो. पण त्या हसण्यामागे एक पक्कं मत आहे आणि त्याच्याशी मला भांडायचं आहे. ते मत असं, की शिवण माणूस अडला की करतो. हौसेने मशीनवर कोण बसतं?

हे मत कुठून आलं ते मला ठाऊक आहे, कारण मी रत्नागिरीचा. मुंबईच्या कापड गिरण्यांना माणसं पुरवण्यात आमचा जिल्हा पहिल्या रांगेत होता. बाप्ये गिरणीत, बायका-पोरं गावात आणि मधे पोस्टमनने आणलेली मनिऑर्डर. गणपतीला चाकरमानी यायचा तो गिरणीच्या दुकानातलं सवलतीतलं कापड घेऊन. त्यातूनच पोरांचे सदरे, पोरींचे झगे आणि उरलं तर उशांचे अभ्रे. आरतीला उभी असलेली भावंडं आणि माजघरातली उशी एकाच छापाची, याचं आमच्या आळीत कुणाला नवल वाटत नसे. कापड विणणाऱ्यांच्याच घरी रंगाची निवड नव्हती. मग शिवणारीने आपली हौस दाखवायची ती गळ्याच्या पट्टीत, खिशावरच्या टिपेत, झग्याच्या घेराला लावलेल्या उरेप पट्टीत. उरलेल्या चिंधीची ती पट्टी लावली नसती तरी झगा अंगावर राहिलाच असता. तरी ती लावली जायची, आणि शेजारीण ती बघायला यायची.

पण त्या हौसेचं नाव कुणी घेतलं नाही, कारण मशीनवर दुसरंच ओझं होतं. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं, तिथे शिवण शिकवलं जाई. हेतू सरळ होता: विधवेला, परित्यक्तेला स्वतःच्या पायावर उभं राहता यावं. फार मोठं काम होतं ते. त्यातूनच घरोघर एक वाक्य रुजलं, "मुलीच्या हातात एखादी कला असू द्यावी," आणि त्याचा न बोललेला अर्धा भाग असा, की उद्या वेळ आलीच तर. वेळ आलीही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, मनिऑर्डरी आटल्या, आणि किती तरी घरं बायकांच्या कष्टावर तगली. कुठे खानावळ, कुठे शिवणाचं मशीन. आजही जिल्हा परिषदा महिलांना शिलाई मशीन देतात, आणि २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीही आहे. हे सगळं योग्यच आहे. पण त्यामुळे शंभर वर्षं आपल्याला शिवणाचं मशीन एसटीतल्या 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' या पाटीसारखं दिसत राहिलं. असावं जरूर, पण वापरायची पाळी न येवो.

म्हणून ज्यांच्या आईने लोकांचे ब्लाउज शिवून यांची फी भरली, त्यांना मशीनची खडखड ऐकून नको वाटतं, हे मी समजू शकतो. पण न्याय सगळीकडे सारखा लावू या. पिढ्यान्पिढ्या भाताच्या लावणीत कंबर मोडलेल्या घरांतले आपण, इथे अमेरिकेत परसात चार टोमॅटो आणि मेथीचा वाफा लावतो, त्याचे फोटो काढून सगळ्यांना पाठवतो. तेव्हा कुणी विचारत नाही, नोकरी ठीक आहे ना म्हणून. गरज संपली की कामाचा छंद होऊ शकतो. उलट छंद व्हायचा तो तेव्हाच.

आता शिवणाची बाजू घेणाऱ्यांशीही माझं थोडं भांडण आहे. ते लगेच हिशेब मांडतात, घरी शिवलं की स्वस्त पडतं. अजिबात पडत नाही. सेलमध्ये जो शर्ट मिळतो, त्याच्या किमतीत इथे धड कापडही येत नाही. वर दोरे, बटणं, कॉलरचं कॅनव्हास आणि तुमचा शनिवार. मग दुसरा गट पर्यावरणाचा मुद्दा काढतो. मुद्दा खरा आहे, पण मी तो मुद्दाम मांडत नाही. नाटक बसवताना आपण तालमींमुळे किती कार्बन वाचला असं विचारतो का? गाणं शिकणाऱ्याला रियाजाने घरखर्च किती कमी झाला, असं कुणी विचारत नाही. शिवणालाच तेवढी उपयोगाची सबब का लागावी? त्यातला आनंद पुरेसा आहे, आणि तो आनंद कसला, हे सांगणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

तो आहे आखणीत. अमेरिकेतला हौशी शिवणारा दुकानातून छापील पॅटर्न आणतो. एबेनीझर बटरिक या शिंप्याने १८६३ साली वेगवेगळ्या साइझचे कागदी पॅटर्न विकायला काढले, तेव्हापासूनची ही रीत. सोय मोठी, पण साइझ कारखान्याची, तुम्ही त्यात बसायचं. आपल्याकडे रीत वेगळी. झारापकरांचं कटिंगचं पुस्तक मराठी घरांत पिढ्यान्पिढ्या वापरलं गेलं. त्यांचं दादरचं टेलरिंग कॉलेज प्रसिद्ध, आणि आडनाव ज्या गावाचं, ते झाराप कुडाळ तालुक्यात, म्हणजे १९८१ पर्यंत आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात. (हा अभिमान थोडा ओढूनताणून आणलेला आहे, पण जिल्हा फुटला तेव्हा मी कुणाला झाराप देऊन टाकलेलं नाही.) या रीतीत अंगाची मापं टेपने घ्यायची आणि कोऱ्या कागदावर सुरुवात करायची. छातीचा बारावा हिस्सा ही गळ्याची रुंदी, म्हणजे ३६ छातीला ३ इंच. छातीचा चौथा हिस्सा, अधिक सैलपणा, अधिक माया. शुद्ध भूमिती. आपल्या मंडळात निम्मे लोक इंजिनिअर आहेत, त्यांना ही भाषा ब्लाउजच्या नावाने घाबरवते एवढंच.

आणि पुस्तकातला हिशेब संपतो तिथे खरी मजा सुरू होते. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून आपले खांदे पुढे आलेले असतात, पाठीला रुंदी जास्त लागते, छातीला कमी. बहुतेकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरता असतो. रेडीमेड शर्टाला हे माहीत नसतं. रत्नागिरीच्या राम आळीतल्या शिंप्याला माहीत असतं, तो बघतो, वहीत काहीतरी खूण करतो आणि बोलत नाही. स्वतःसाठी शिवणाऱ्याला मात्र आरशासमोर उभं राहून स्वतःच्या अंगाचा असा नकाशा काढावा लागतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही उरत नाही. पोटाचं माप ही नुसती एक संख्या होते.

बाहीचंच बघा. बाहीच्या माथ्याचा गोलावा मुंढ्याच्या घेरापेक्षा थोडा मोठा काढतात, तयार कोटासारख्या कपड्यात तर चांगला इंचभर. का, तर खांद्याच्या गोलावर कापड बसायला जागा हवी. आता हे जास्तीचं कापड मुंढ्यात जिरवायचं, आणि तेही एकही चुणी न पडू देता. त्यासाठी माथ्यावर लांब टाक्यांचा धावदोरा घालतात, दोरा अलगद ओढून कापड बोटांनी सारखं करतात, टाचण्या लावतात, आणि टीप मारताना बाही खाली ठेवतात. मशीनचे दाते खालचं कापड किंचित जास्त ओढतात, उरलेला फरक तेच खाऊन टाकतात. शिवाय पुढचा मुंढा पाठीच्यापेक्षा जास्त खोल कापलेला असतो, तसाच बाहीचा पुढचा भागही. म्हणून उजवी बाही उजवीकडेच. ज्याला हे काम एकदा साधलं, त्याने दुकानात टांगलेला कोट नुसता पाहणं सोडलंच समजा. तो आधी बाही उलटी करून आत बघतो.

दुसरी गंमत तुटवड्याची. साडीबरोबर येणारा ब्लाउजपीस साधारण ८० सेंटीमीटर. त्याला काठ असतो, पण सगळीकडे पुरेल एवढा नसतो. तो बाहीला घ्यायचा की पाठीला? बाहीला घेतला तर बाहीची लांबी काठ ठरवणार. पाठीला घेतला तर गळा किती खोल ठेवायचा? कागदाचे तुकडे कापडावर फिरवत बसायचं, पाठ आडवी करून बघायची, पण मग ताणा-बाणा उलटतो आणि कापड वेगळंच पडतं. कविता करणाऱ्यांना वृत्त सांभाळताना जे होतं, ते यापेक्षा फार वेगळं नसावं. सर्जनशीलता मोकळ्या मैदानातच फुलते, असं मानणाऱ्यांनी एकदा पन्ह्याच्या हद्दीत राहून कटोरी ब्लाउज कापून पाहावा.

आक्षेप दोन येतील, तेही घेतो. पहिला: घरी शिवलं तर गावच्या शिंप्याच्या पोटावर पाय येईल. त्याच्या पोटावर पाय दिलाय रेडीमेडने, आणि आपणही दिलाय. सुट्टीत जायचं, नऊ ब्लाउज टाकायचे आणि सांगायचं, "गुरुवारी फ्लाइट आहे." गणपतीच्या तोंडावर त्याच्याकडे कापडांचा ढीग लागलेला असतो, तरी आपली घाई मोठी. एकदा स्वतः काजं करून पाहिली की माणूस असली मुदत देत नाही आणि शिलाईत घासाघीसही करत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. बायका मोठ्या मुश्किलीने मशीनवरून उठल्या, आता छंदाच्या नावाखाली त्यांना परत बसवणार का? नाही. म्हणूनच वर्गात पुरुषांनी यावं असा माझा आग्रह आहे. आपल्याकडे दुकानात शिवणारा बहुतेक पुरुष आणि घरात शिवणारी बाई. पैसा तिकडे, कर्तव्य इकडे. यंत्रांवर एरवी कडक असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानलं होतं. बायकोचे शिवणाचे कष्ट बघून सिंगरने ते प्रेमापोटी केलं, असं त्यांचं म्हणणं. गोष्ट गोड आहे, पण आयझॅक सिंगरचे एकाच वेळी चाललेले अनेक संसार पाहता ती टिकत नाही, आणि १८५१ च्या त्याच्या पेटंटच्या आधी एलियास हाऊचं १८४६ चं पेटंट होतंच, त्यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. मला त्या गोष्टीत वेगळंच खटकतं. बायकोचे कष्ट कमी करण्यासाठी नवऱ्याने यंत्र बनवलं, पण शिवायला बायकोच. संत नामदेव शिंपी होते, हे आपण कौतुकाने सांगतो. मग आपल्या मुलाने सुईत दोरा ओवला तर बिघडलं कुठे?

इथे एक अडचण आहे. 'जोॲन' ही कापडाची मोठी साखळी २०२५ मध्ये बंद पडली, सुमारे ८०० दुकानं गेली. उरलेल्या ठिकाणी मुख्यतः गोधड्यांसाठीचं ४४ इंच पन्ह्याचं सुती कापड मिळतं. सदऱ्याला ते वाईट नाही, पण रुबिया, खण, मांजरपाट इथे शोधायचं कुठे? म्हणून भारतात जाणाऱ्यांनी चिवड्याच्या पाकिटांतून थोडी जागा काढावी, एवढी विनंती. त्यातही एक ना धड भाराभर चिंध्या नकोत, एका कपड्यापुरतं सलग कापड आणावं.

वर्ग महिन्यातून दोन शनिवारी घ्यावा असं मी कार्यकारिणीला लिहून दिलं आहे. सुरुवात ब्लाउजने नको, लेंग्याने करू. सरळ टिपा, नाडीची दुमड आणि मध्ये एक कळी, एवढ्यात पुष्कळ शिकून होतं आणि बिघडला तरी घरात घालता येतो. मग परकर, मग सदरा. वर्षभर टिकलो तर पुढच्या नाटकाची ड्रेपरी भाड्याने न मागवता आपणच करू, आणि नाटकातल्या मावळ्यांच्या सुरवारी निदान त्यांच्या उंचीच्या होतील. मशीनं तीन जमली आहेत, त्यातलं एक पायमशीन. कात्री मात्र ज्याची त्याने आणायची आहे. त्या कात्रीने घरात कुणी कागद किंवा दुधाची पिशवी कापली असेल, तर आधी धार लावून आणा.